लेयर्ड सिरॅमिक : स्ट्रेंथ पण हवी आणि तडा गेला तरी एकदम दोन तुकडे नकोत, नक्की कुठली वाट धरू?

सांगली_एमटेक

नमस्कार मंडळी, मी सांगलीत एमटेक करतोय आणि प्रोजेक्ट आहे थराथराच्या सिरॅमिक प्लेटवर. कल्पना अशी की साखर कारखान्याच्या बॉयलरची राख पाण्यातून वाहून नेणारे जे पंप असतात त्यांच्या आतल्या लायनर टाइल्स ॲल्युमिनाच्या करतात, त्या घासायला एक नंबर टिकतात पण राखेबरोबर एखादा क्लिंकरचा (वितळून घट्ट झालेल्या राखेचा) खडा आपटला की टाइल सरळ फुटते, मग पंप उघडा, टाइल बदला, ऐन सीझनमध्ये काम बंद. तर थर घालून ही टाइल फुटण्यापासून वाचवता येईल का हे बघायचंय.

मी टेप कास्टिंगने (ओल्या पावडरची पातळ पट्टी ओढून) ॲल्युमिनाचे जाड थर (भाजल्यावर साधारण ६०० मायक्रॉन) आणि मधे मधे ३ मोल टक्के इट्रिया (यट्रियम ऑक्साइड) मिसळलेल्या झिर्कोनियाचे पातळ थर (१५० मायक्रॉन) घेतले, दाबून एकत्र केले आणि १५५० डिग्रीला भाजले. झिर्कोनिया घेतला कारण तो जास्त टफ, भेग आली की तिथे अडेल असं वाटलं. पण भट्टीतून प्लेट बाहेर येते तेव्हाच कडेला बारीक भेगा दिसतात आणि बेंडिंगमध्ये साध्या ॲल्युमिनापेक्षा पण कमी लोडला तुटते.

वाचायला गेलो तर एक जण म्हणतो थरांमधला जोड मुद्दाम कच्चा ठेवा, दुसरा म्हणतो जोड पक्का ठेवा आणि थरात दाब भरा. गाईड म्हणतात स्ट्रेंथ आणि डॅमेज टॉलरन्स (तडा गेल्यावरही तग धरणं) दोन्ही दाखव. शिंपल्याच्या आतल्या चकचकीत थराचं उदाहरण सगळे देतात, त्यात ९५ टक्के खनिजच असतं तरी तो इतका चिवट, मग आपल्याला का जमू नये? कोणी या विषयात काम केलं असेल तर कृपया सांगा.

भट्टी_कुपवाड

भावा आधी हे सांग की भट्टी कुठली आणि बाइंडर जाळताना स्पीड काय ठेवलास. टेपमध्ये प्लॅस्टिकचा माल भरपूर असतो, तो २०० ते ५०० च्या मधे जळतो आणि त्या टप्प्यात घाई केली की गॅस थरांच्या मधे अडकून फुगवटे येतात, थर सुटतात. आमच्याकडे कुपवाड एमआयडीसीत बरेच जण सिलिकॉन कार्बाइड रॉडच्या भट्टीत १५५० मारायला बघतात, त्या रॉडचा तिथे जीव जातो आणि आतलं टेंपरेचर पण सगळीकडे सारखं राहत नाही, त्यासाठी मॉली (मॉलिब्डेनम डायसिलिसाइड) रॉडची भट्टी पाहिजे. मिनिटाला अर्धा ते एक डिग्रीने ६०० पर्यंत ने, तिथे तास दोन तास थांब, मग वर जा.

आणि भेगा नुसत्या डोळ्यांनी बघू नको. फाउंड्रीत आपण डीपी टेस्ट करतो तोच लाल डाय पेनिट्रंट मार, पुसून डेव्हलपर मार, भेग कुठून कुठे चाललीय ते लख्ख दिसेल.

वर्षा_साताराची

डीपीचा सल्ला एकदम बरोबर. (मी मूळची साताऱ्याची, सध्या पुण्यात टेक्निकल सिरॅमिकच्या कामात आहे.) मला एकच गोष्ट सांग, भेगा थराला आडव्या छेदून जातात का थराच्या मधोमध, थराला समांतर चालतात? आणि कुठल्या थरात आहेत, ॲल्युमिनात का झिर्कोनियात? यावर सगळं उत्तर अवलंबून आहे.

सांगली_एमटेक

आज डाय मारून बघितलं. भेगा झिर्कोनियाच्या थरात आहेत, थर आरपार छेदून जातात, ठराविक अंतरावर एकेक, शिडीच्या पायऱ्या असतात तशा. ॲल्युमिनात फार शिरत नाहीत. थर सुटलेले कुठे दिसले नाहीत. भट्टी मॉली रॉडचीच आहे दादा, बाइंडरला ६०० पर्यंत मिनिटाला एक डिग्री ठेवला होता.

वर्षा_साताराची

मग बाइंडरचा दोष नाही, हा थंड होतानाचा ताण आहे आणि तो तुझ्या डिझाइनमध्येच आहे. जरा सविस्तर लिहिते.

ॲल्युमिनाचं थर्मल एक्स्पान्शन डिग्रीला साधारण ८ मायक्रोस्ट्रेन (लांबीचे दहा लाखांतले ८ भाग), झिर्कोनियाचं साडेदहाच्या आसपास. म्हणजे भट्टी थंड होताना झिर्कोनियाला जास्त आकसायचं असतं पण शेजारचा जाड ॲल्युमिना त्याला आकसू देत नाही, म्हणून झिर्कोनिया ताणात अडकतो आणि ॲल्युमिना थोड्या दाबात. आता आकडा काढ. १२०० डिग्रीचा फरक धर (त्याच्या वर माल इतका मऊ असतो की ताण साठत नाही), एक्स्पान्शनचा फरक २.५, म्हणजे स्ट्रेन झाला ०.३ टक्के. झिर्कोनियाचा ई (ताठपणा) २१० गिगापास्कल, दोन्ही दिशांनी ताण असतो म्हणून त्याला एक वजा पॉयसन रेशोने भागायचं, आले ३००. ॲल्युमिनाचे तसेच ५०० धर. तुझ्या १५० आणि ६०० च्या जाडीला झिर्कोनियात जवळपास ७८० मेगापास्कलचा ताण येतो आणि ॲल्युमिनात २०० चा दाब. कोणी हात लावायच्या आधीच झिर्कोनियाच्या अंगात ७८० बसलेत!

एवढ्या ताणात तो तडकतो का नाही हे थराच्या जाडीवर ठरतं. झिर्कोनियाचा केआयसी (भेगेला रोखायची ताकद) ५ धरला तर आरपार भेग पळायची लिमिट या ताणाला साधारण ५० मायक्रॉन येते. तुझा थर त्याच्या तिप्पट आहे, मग शिडी दिसणारच. टफ मटेरियल मधे घातलं की भेग अडते हे ऐकायला बरोबर वाटतं पण थराथराच्या मालात मटेरियल किती टफ यापेक्षा कुठला थर ताणात आणि कुठला दाबात हे आधी बघायला लागतं.

म्हणून थर उलटे कर. पातळ थर दाबात पाहिजे, जाड थर हलक्या ताणात. भेग जाड थरातून निघते, दाबातल्या पातळ थरापाशी येते आणि तो तिला मिटवायला बघतो, बाहेरून लोड वाढवल्याशिवाय ती पुढे जात नाही. अमेरिकेतल्या सांता बार्बरा विद्यापीठाच्या फ्रेड लँगेंच्या ग्रुपने १९९९ मध्ये सायन्स मासिकात हेच दाखवलं, जाड ॲल्युमिना आणि मधे ॲल्युमिना-मुलाइटचे पातळ थर, कारण मुलाइटचं (ॲल्युमिना आणि सिलिकाचं संयुग) एक्स्पान्शन ५ च्या आसपास, ॲल्युमिनापेक्षा कमी. त्यांना साधारण ४८० मेगापास्कलची थ्रेशोल्ड स्ट्रेंथ मिळाली, म्हणजे आत भेग छोटी असो का मोठी, त्या आकड्याच्या खाली तुकडा तुटतच नाही. मला ही गोष्ट फार मोठी वाटते कारण सिरॅमिकचं सगळ्यात मोठं दुखणं हेच की शंभर तुकडे टेस्ट केले तर शंभर वेगळे आकडे येतात, डिझाइन करणारा माणूस विश्वास कशावर ठेवणार? ॲव्हरेज वाढवण्यापेक्षा खालची लिमिट पक्की करणं हे तुझ्या पंपवाल्याच्या जास्त कामाचं आहे.

कराडकर_काका

वर्षाताईंनी नीट मांडलंय. ज्यांना ताण कुठे आणि दाब कुठे यात गोंधळ होतो त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या कराडजवळ ओगलेवाडीला काच कारखाना होता, प्रभाकर कंदील तिथलाच. पेटत्या कंदिलाच्या गरम काचेवर गार पाण्याचा थेंब उडाला की काच तडकते, कारण जिथे थेंब पडला तेवढा भाग आकसायला बघतो आणि भोवतालची गरम काच त्याला आकसू देत नाही. ज्याला आकसायचंय आणि आकसता येत नाही तो ताणात, एवढं लक्षात ठेवलं की कुठल्याही थराचं चिन्ह चुकणार नाही.

मी स्वतः भट्टीच्या विटा आणि रिफ्रॅक्टरीत आयुष्य काढलं. तुम्ही पातळ थरासाठी मुलाइट शोधत बसण्यापेक्षा ॲल्युमिनातच इट्रिया नसलेला झिर्कोनिया ३० टक्के व्हॉल्यूमने मिसळा. हा बिनइट्रियाचा झिर्कोनिया थंड होताना ९५० च्या खाली टेट्रागोनलचा मोनोक्लिनिक होतो (स्फटिकाची रचना बदलते) आणि त्यात चारेक टक्के फुगतो. नुसत्या त्याची वडी भाजली तर फुगून चुरा होते, पण जाड थरांच्या मधे बांधलेला पातळ थर फुगायला गेला की शेजारी त्याला रोखतात आणि फुकटात दाब मिळतो. जाड थरात ॲल्युमिनाबरोबर ५ टक्के इट्रियावाला झिर्कोनिया ठेवा, दाणे मोठे व्हायचे थांबतात. दोन्हीकडे ॲल्युमिनाच जास्त असल्यामुळे भट्टीत दोन्ही थर जवळपास सारखे आकसतात, हा दुसरा फायदा, नाहीतर सिंटरिंगच्या वेळीच प्लेट वाकडी होते. ऑस्ट्रियात लेओबेनला याच जोडीवर भरपूर काम झालंय.

जोड_कच्चा_बरा

मला इथे थोडं वेगळं म्हणायचंय. सगळे दाबाच्या मागे लागलेत पण कच्च्या जोडाची वाट पण तेवढीच पक्की आहे. १९९० मध्ये क्लेग आणि सहकाऱ्यांनी नेचर मासिकात दाखवलं की सिलिकॉन कार्बाइडच्या पातळ शीटना ग्राफाइट लावून एकावर एक ठेवून भाजल्या तर तुकडा तोडायला लागणारी एनर्जी शंभरपटीहून जास्त वाढते आणि केआयसी ३.६ वरून १५ वर जातो. भेग प्रत्येक ग्राफाइटच्या थरापाशी थराला समांतर वळते, पुढच्या थरात परत नव्याने सुरू व्हायला लागते. लोडचा ग्राफ बघितला तर एकदम खाली पडत नाही, टप्प्याटप्प्याने उतरतो. डॅमेज टॉलरन्स म्हणतात तो हाच की! जोड किती कच्चा पाहिजे याचा हिशोब पण आहे, ही (He) आणि हचिन्सन या दोन संशोधकांचा १९८९ चा, दोन्ही थर सारख्याच मटेरियलचे असतील तर जोडाची टफनेस थराच्या टफनेसच्या साधारण पाव पटीपेक्षा कमी असली तर भेग वळते.

वर्षा_साताराची

तुमचा मुद्दा बरोबर आहे आणि क्लेगचं काम सुंदरच आहे, पण वापर काय ते बघा ना. हा पंप आहे, आत गरम पाणी आणि राख. ग्राफाइटचा थर कडेला उघडा पडणार, तिथे राखेचं पाणी घासत राहणार आणि पापुद्रे सुटणार. थराला समांतर कातर लोड आला तर कच्चा जोड लगेच सोडतो. आणि हवेत ५००-६०० डिग्रीच्या वर ग्राफाइट जळून जातो, पंपात तेवढी उष्णता नसते हे खरं पण तो तुकडा भाजायला सुद्धा आरगॉनची किंवा व्हॅक्यूमची भट्टी लागते, सांगली-मिरजेत ती कुठून आणायची?

मुख्य म्हणजे दोन्ही वाटा दोन वेगळ्या गोष्टी देतात. दाबाचा थर भेगेला पुढे जाऊ देत नाही, म्हणजे तुकडा तुटायचा लोड वाढतो, पण त्याच्या पलीकडे गेलात तर तो बऱ्याचदा एकदम तुटतो. कच्चा जोड पहिली भेग थांबवत नाही, पण पहिली भेग गेल्यावर तुकडा हातात राहतो. गाईडना सांग की दोन्ही दाखवायचं असेल तर आधी लायनरला काय पाहिजे ते ठरवू. माझ्या मते लायनरला पहिलं पाहिजे, कारण पंपात पापुद्रे सुटलेली टाइल आणि फुटलेली टाइल दोन्ही बदलायलाच लागणार. मध्यम मार्ग पण आहे, दाब खूप जास्त असला तर भेग त्या पातळ थरात शिरल्यावर मधोमध दोन फाटे फुटून थराला समांतर वळते, त्यात एनर्जी खर्च होते, म्हणजे पक्का जोड ठेवून पण थोडी टॉलरन्स मिळते.

फक्त जाडी जपायला लागेल. दाबातल्या थराच्या उघड्या कडेला थराला काटकोनात ताण तयार होतो आणि थर मधोमध समांतर चिरतो. त्याची लिमिट ढोबळमानाने अशी, केआयसीचा वर्ग भागिले ०.३४ गुणिले दाबाचा वर्ग. थराचा केआयसी ३ आणि दाब ७०० मेगापास्कल धरला तर ५४ मायक्रॉन येते. त्याच थरात दाब ५०० वर आणलास तर १०० च्या वर जाते. म्हणून पातळ थर भाजल्यावर ४०-५० च्या आत ठेव. थर जाड केला की थ्रेशोल्ड वाढतो पण कड चिरते, ही ओढाताण कायम राहणार, तिथेच तुझ्या प्रोजेक्टचं खरं काम आहे.

मिरज_डेंटल

मी सिरॅमिकवाला नाही, मिरजेत डेंटल लॅबला झिर्कोनियाचे क्राउन करतो, पण वाचताना वाटलं की आमचं रोजचंच चाललंय. झिर्कोनियाच्या कोपिंगवर (क्राउनच्या आतली टोपी) आम्ही पोर्सलेनचे थर चढवतो, पोर्सलेनचं एक्स्पान्शन झिर्कोनियापेक्षा जरा कमी असलेलंच घ्यायचं म्हणजे थंड झाल्यावर पोर्सलेन हलक्या दाबात राहतं. दुसरी गोष्ट कूलिंगची. झिर्कोनिया उष्णता फार हळू सोडतो त्यामुळे भट्टी पटकन उघडली की वरचा थर गार आणि आतला गरम, मग पेशंटच्या तोंडात काही महिन्यांनी पोर्सलेनचा टवका उडतो. आता कंपन्या शेवटच्या फायरिंगला स्लो कूलिंगच सांगतात. तुम्ही पण भट्टीचं दार शेवटपर्यंत उघडू नका.

अजून एक, इट्रियावाला झिर्कोनिया गरम पाण्यात आणि वाफेत वर्षानुवर्षे राहिला की पृष्ठभागावर हळूहळू मोनोक्लिनिक होत जातो, खडबडीत होतो, बारीक भेगा येतात. त्याची टेस्ट ऑटोक्लेव्हमध्ये १३४ डिग्रीच्या वाफेत करतात. तुमच्या पंपात गरम पाणी असेल तर वरचा घासणारा थर नुसत्या झिर्कोनियाचा ठेवू नका.

कराडकर_काका

मिरजकरांचं हे शेवटचं वाक्य सोन्यासारखं आहे. बाहेरचा थर ॲल्युमिनाच ठेवा, त्यातला ५ टक्के झिर्कोनिया सुटा सुटा ॲल्युमिनात कोंडलेला असतो, त्याला पाण्याचा त्रास फार कमी.

सांगली_एमटेक

वर्षाताई, काका, सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं स्पष्ट मला कुठेच मिळालं नव्हतं. शिडीसारख्या भेगा का आल्या ते आकड्यासकट कळलं. आता नवीन डिझाइन असं धरतोय, जाड थर ॲल्युमिना अधिक ५ टक्के इट्रियावाला झिर्कोनिया ५०० मायक्रॉन, पातळ थर ॲल्युमिना अधिक ३० टक्के बिनइट्रियाचा ४० मायक्रॉन, बाहेर दोन्हीकडे जाड थर.

दोन शंका आहेत. एक, मॅक्स फेज म्हणून टायटॅनियम सिलिकॉन कार्बाइड वाचलं, ते स्वतःच थराथराचं आणि डॅमेज टॉलरंट असतं म्हणे, मग ते का वापरू नये? आणि दोन, मी थ्रेशोल्ड आला हे सिद्ध कसं करू, नुसत्या बेंडिंगच्या आकड्यावर गाईड पटवून घेणार नाहीत.

वर्षा_साताराची

मॅक्स फेज अप्रतिम मटेरियल आहे, अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठाच्या मिशेल बारसूमनी १९९६ मध्ये ते शुद्ध घन तुकड्यात करून दाखवलं आणि मग सगळे त्याच्या मागे लागले. त्यात थर क्रिस्टलच्या आतच असतात, दाणे वाकतात, मुडपतात, थर सोडतात पण भेग लांब पळत नाही, साध्या हायस्पीड स्टीलच्या टूलने लेथवर कापता येतं. पण तिथेच तुझी अडचण, हार्डनेस ४ गिगापास्कलच्या आसपास, ॲल्युमिनाचा १५ च्या वर. राखेच्या स्लरीत ते भराभर झिजेल. आणि त्यातही हाच झगडा आहे बघ, दाणे बारीक ठेवले तर स्ट्रेंथ जास्त, दाणे मोठे केले तर टॉलरन्स जास्त.

टेस्टचं असं कर. ३ बाय ४ बाय ४५ मिलिमीटरचे बार काप, जो पृष्ठभाग ताणात येणार त्याच्या मधोमध व्हिकर्सचा (हिऱ्याच्या टोकाचा) ठसा मार, काही बारवर १० न्यूटनचा, काहींवर ५० चा, काहींवर १०० चा, मग ४० आणि २० मिलिमीटरच्या स्पॅनवर फोर पॉइंट बेंडिंग. सोबत साध्या ॲल्युमिनाचे तसेच बार. साध्या मालाची स्ट्रेंथ ठशाच्या लोडच्या घनमुळाच्या व्यस्त प्रमाणात उतरत जाते, लॉग-लॉग ग्राफवर उणे एक तृतीयांश उताराची सरळ रेष. तुझ्या थराच्या मालाची रेष मोठ्या लोडला आडवी झाली, म्हणजे ठसा मोठा केला तरी स्ट्रेंथ उतरत नाही, तर तोच तुझा थ्रेशोल्ड. थर लोडच्या दिशेला काटकोनात आहेत का समांतर ते मात्र लिहून ठेव, टाइल जशी बसणार तसाच बार काप. आणि ठसा मारल्यावर लगेच थेंबभर सिलिकॉन तेल टाक, हवेतल्या ओलाव्याने भेग हळूहळू वाढते, पावसाळ्यात टेस्ट केलीस तर आकडे हमखास कमी येतील.

वायबुलसाठी (स्ट्रेंथचे आकडे किती पसरतात ते बघायला) वेगळे तीसेक बार ठेव, त्यांना ठसा मारायचा नाही.

भट्टी_कुपवाड

बार कापताना डायमंड व्हील आणि भरपूर कूलंट वापर, आणि कापल्यावर ताणाकडच्या लांब कडा ग्राइंडिंगच्याच दिशेने लांबीत घासून हलका चँफर दे. आडवं घासलंस तर ग्राइंडिंगचेच ओरखडे आधी तुटतील आणि तू थराला दोष देत बसशील. कापलेल्या कडेला परत एकदा डीपी मार, वर्षाताई म्हणतात तसा पातळ थर मधोमध चिरला असेल तर तिथेच दिसेल.

सांगली_एमटेक

ठीक दादा, चँफर लांबीतच देतो. पावडर मागवलीय, पहिली टेप पुढच्या आठवड्यात ओढणार. कडेचे फोटो इथेच टाकतो.